नाव गुप्त ठेवलं जाईल

आमच्या संघटनेच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता आणि तो गावाचा होता. पावती संघटनेच्या नावाची, वापर गावाचा. अलिबागहून काशीदकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची खोली. सातबारा काढायचा असो, मुलीचा निकाल बघायचा असो, मांडव्याच्या बोटीचं तिकीट काढायचं असो, लोक चपला बाहेर काढून आत यायचे आणि सरळ खुर्चीत बसायचे. पासवर्ड म्हणजे ग्रामदेवीचं नाव. तेही मॉनिटरच्या कडेला चिकटवलेलं, कारण दुसऱ्या गावाहून आलेल्याची अडचण नको. संघटनेचा मेल सकाळी एकदा उघडला की खोलीला कुलूप लागेपर्यंत उघडाच. नवीन मेल आला की खुर्चीत जो कोणी असेल तो मोठ्याने वाचून दाखवायचा. तलाठी कार्यालयाचं उत्तर असो की कुणाच्या लग्नाची पत्रिका, सगळ्या खोलीने ऐकायचं.

मी तिथे कामाला लागले तेव्हाच म्हटलं होतं, मेलला वेगळा पासवर्ड हवा. आमचे अध्यक्ष काका हसले.

“बाय, आपण काय चोऱ्या करतो? दिवसाढवळ्या दार लावलं तर शेजारी विचारतात, घरात कोण गेलं काय. तुला तसं करायचंय?”

सगळे हसले. विषय संपला.

मग आम्ही पत्रक काढलं. रिसॉर्टांत आणि मुंबईवाल्यांच्या बंगल्यांत साफसफाई करणाऱ्या बायकांसाठी. मजकूर माझा. कामाच्या जागी कोणी अंगचटीला येत असेल तर गप्प बसू नका, आम्हाला लिहा. खाली मेलचा पत्ता, आणि त्याखाली ठळक अक्षरांत: नाव गुप्त ठेवलं जाईल. बैठकीत वाचलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. गुप्त म्हणजे नेमकं कुठे ठेवणार, हे त्या खोलीत कोणी विचारलं नाही.

एका बाईने त्यावर विश्वास ठेवला. ती एका रिसॉर्टात खोल्या आवरायची, चादरी बदलायची. मॅनेजर तिला रिकाम्या खोलीत बोलवायचा, दार ओढून घ्यायचा. तिने मोबाइलवरून, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, घरी कळलं तर मलाच बोल लावतील, माझं नाव कुठे जाऊ देऊ नका.

मेल आला त्या दिवशी मी अलिबागला होते. खुर्चीत आमच्याच गावचा टेम्पोवाला बसला होता, गाडीच्या विम्याची प्रिंट काढत. त्याच रिसॉर्टचे कपडे धुवायला नेणारा. एरवी तो सगळे मेल नाटकी आवाजात वाचायचा. तेवढा एक त्याने मोठ्याने वाचला नाही.

दोन-तीन दिवसांनी ती आमच्या दारात आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. आत या म्हटलं तर आली नाही.

“कागदावर काय लिवलंस तू? वाच.”

मी वाचलं.

“परत वाच.”

परत वाचलं. मग तिने सांगितलं. बाजारात ती मासळी घेत होती. टेम्पोवाला चार बायकांसमोर म्हणाला, “काय वयनी, आता मेल लिवायला लागलीव? मॅनेजरसायबाला पण एक कॉपी पाठवायची ना!” बायका हसल्या. त्याच संध्याकाळी दीर विचारायला घरी आला. सकाळी मॅनेजरने सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

काका म्हणाले, “तसा तो वाईट न्हाय. मस्करी करायची सवय हाय त्याला.”

“काका,” ती म्हणाली, “तुमच्या सुनेनं लिवलं असतं, तर त्याच्या पुढ्यात ठेवलं असतंव?”

काकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. ती गेली.

ती पाठमोरी असतानाच मी मॉनिटरवरचा कागद ओरबाडला. मेलचा पासवर्ड बदलला आणि तो फक्त मी आणि आमच्या चिटणीस ताई, दोघींपुरता ठेवला. गाव रुसलं. सातबाऱ्याला आलेला एक जण म्हणाला, “संघटना आता आम्हाला चोर समजते व्हय?” काकांनीही पासवर्ड मागितला. मी म्हटलं, कॉम्प्युटरचा घ्या, मेलचा देणार नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे. आपलेपणाच्या नावाखाली बाईचं आयुष्य चव्हाट्यावर वाचून दाखवायचं आणि कुलूप लावलं की अपमान मानायचा! किनाऱ्यावर बंदर बांधणाऱ्या पोर्ट कंपनीकडे आम्ही पारदर्शकता मागतो, मोर्चे काढतो. बरोबरच आहे. पण पारदर्शक व्हायचं असतं बळ असलेल्याने. ज्याची नोकरी एका वाक्याने जाते, त्याच्यापुढे पडदा लागतो. एवढी साधी गोष्ट.

नंतर ती परत आली, या वेळी आत. कामाच्या जागच्या छळाची दखल घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार करायची म्हणाली, स्वतःच्या नावाने.

“आता दडवून काय करू? कुत्र्यामांजरांना पण म्हायत झालंय.”

पुढे एका सभेत याच गोष्टीचं धाडस म्हणून कौतुक झालं, टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांची चीड येते. नाव कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, सांगायचं की नाही, हे तिचं होतं. आम्ही ते उधळून टाकलं. तिच्याकडे उरलं ते तिने उचललं.

ती परत आली त्याच दुपारी मी तिला तिचा स्वतःचा मेल काढून दिला. पासवर्डच्या चौकटीशी आलो तेव्हा मी खुर्ची सोडून पाठ फिरवली. काका कोपऱ्यात पेपर वाचत होते. ती त्यांच्याकडे बघत थांबली. काका उठले आणि खिडकीशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. एका बोटाने एकेक अक्षर शोधताना तिला बराच वेळ लागला. मध्ये एकदा चुकली, परत पहिल्यापासून सुरू केलं. आम्ही दोघं हललो नाही.

तक्रार तिने सांगितली तशी मी टाइप केली, खाली तिचं पूर्ण नाव. पाठवायचं बटण मी दाबायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला आणि स्वतः दाबलं. मग विचारलं, “आता ह्यातून बाहेर कसं पडायचं? म्हणजे माझ्यामागे कोण बसला तर त्याला दिसता नये.”

मी दाखवलं. तिने बाहेर पडून पाहिलं, परत आत गेली, पुन्हा बाहेर पडली. पडदा कोरा झाल्याची खात्री पटल्यावरच खुर्चीतून उठली.