भोंगाभाऊंची ओढ

बूढ़ापारा या हिंदी मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत विठोबाची आरती आली, की 'माउली ये'मधल्या 'ये' या एका अक्षरावर सगळे थांबायचे. टाळ्यांचे हात हवेत तसेच राहायचे आणि ते अक्षर ओढलं जायचं. एकेकाचा दम तुटायचा. शेवटी उरायचा तो भोंगाभाऊंचाच आवाज. रेल्वेतून निवृत्त झालेला हा काटकुळा माणूस डोळे मिटून एवढी हवा कुठून आणायचा, कोण जाणे! ते सम गाठायचे तेव्हा कुठे टाळ्या पडायच्या.

मी आठ वर्षं गाणं शिकलो. पेटी वाजवतो, सूर कळतो. भाऊंचा सूर तर सरळसरळ चढा लागायचा. पण हे ऐकतो कोण? आमची बायकोसुद्धा म्हणायची, "भाऊजींनी ओढलं का अंगावर काटा येते." मी गायलो की तिला कुकर आठवतो. भाऊ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "तुझं गाणं हाय बाप्पा, माझी नुसती हाक हाय." माझ्या पोटात आणखीच दुखायचं.

दोन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या आरतीत त्यांनी कधी नव्हे एवढं ओढलं आणि छाती धरून खालीच बसले. मान सुजली, आवाज चिरका झाला. आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहिला. जोर एवढा लागला होता, की फुफ्फुसातले बारीक फुगे फुटून हवा छातीत पसरली होती आणि मानेच्या कातडीखाली चढली होती.

"चिल्लाए थे क्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"नहीं साहब," भाऊ म्हणाले, "भगवान को बुलाया था."

अख्ख्या वॉर्डात ते वाक्य फिरलं. मान दाबली की आत मुरमुरे दाबल्यासारखं वाजायचं. ते पाहायला शिकाऊ डॉक्टरांची रीघ लागली. खरं सांगतो, मला त्या दुखण्याचाही हेवा वाटला. माझ्या गाण्यानं माझं कधी साधं नाकही वाहिलं नाही.

हवा हळूहळू जिरली. पण पुन्हा असा जोर करायचा नाही, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली. मी भेटायला गेलो तेव्हा भाऊ खाटेवरून पुटपुटले, "आता तू ओढ, पोट्ट्या. अन् मधात सोडू नको." इतकी वर्षं हवी होती ती जागा मिळाली. मी घरी जिना चढताना गुणगुणत होतो.

पुढच्या गणपतीत भाऊ समोर खुर्चीवर, तोंड मिटून. मी बेंबीच्या देठापासून ओढलं. सुरेल ओढलं. छातीत कळ आली तरी सोडलं नाही. सम गाठली आणि थांबलो. एकही टाळी पडली नाही. सगळे हात हवेतच, सगळ्यांचे डोळे खुर्चीकडे. शेवटी भाऊंनीच टाळी दिली, तेव्हा आरती पुढे सरकली.

"छान झालं," बायको म्हणाली, "पण मले वाटलं, तुम्ही मधातच थांबले."

यंदा भाऊ लेकीकडे नागपूरला राहायला गेले. खुर्ची उचलून ठेवली, ओढ आता माझीच. तरी माझा दम संपतो आणि हात हवेतच राहतात. मी तोंड मिटून उभा असतो, आणि माणसं भाऊंचं संपायची वाट पाहत असतात.