गोटीकाकांची जर्मनीण

आमच्या घरमालकांनी ती गाडी दारात आणली तेव्हा अख्ख्या घणसोली गावाने त्यांना वेड्यात काढलं. मीही काढलं, खोटं कशाला बोलू? मी साताऱ्याकडची उज्वला. शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेते, नवऱ्याबरोबर या घरमालकांच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते, आणि गॅलरीतून वाकून खाली काय चाललंय ते बघणं हा माझा खरा उद्योग आहे.

गोटीराम म्हात्रे, म्हणजे आमचे गोटीकाका, तेव्हा नुकतेच रबाळ्याच्या एका कंपनीतून रिटायर झाले होते. तीस वर्षं हेल्पर. त्यांच्या वयाची मंडळी नव्याकोऱ्या उंच गाड्या घेत होती, ज्यांत चढायला शिडी लावावी असं वाटतं. काकांचा पुतण्या कुंदन याच्याकडेही तसलीच एक पांढरी आहे. काकांनी मात्र समोरच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या साहेबांची अकरा वर्षं वापरलेली जर्मन गाडी घेतली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. बिचाऱ्यांची काही चूक नव्हती हे पुढे कळेलच. गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा आकडा सांगितल्यावर त्या साहेबांना म्हणे पाणी पाजावं लागलं होतं. म्हणून त्यांनी ती मिळेल त्या भावात देऊन टाकली.

गाडी टोचन करून आणली. पहिल्याच संध्याकाळी कुंदन तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काका, ही गाडी नाय, शोपीस हाय."

"जर्मनीन हाय ती," काका म्हणाले. "तिची भाषा कलली का बोलेल."

तेव्हापासून गाडीचं नाव जर्मनीण पडलं. आणि ती बोलायला लागली हेही खरं, पण काय बोलायची! डावीकडचा सिग्नल दिला की वायपर फिरायचे. वायपर लावले की डिकी उघडायची. हॉर्न दाबला तर ढिम्म, आणि संध्याकाळी घरात आरती सुरू झाली की बाहेर आपोआप बोंब ठोकायची. एकदा काका मला कोपरखैरण्याला सोडायला निघाले, तर सिग्नलला चारही काचा आपसूक खाली गेल्या. बाजूच्या रिक्षावाल्याला वाटलं आम्हाला पत्ता विचारायचाय. त्याने इतक्या आपुलकीने विचारलं, "किधर जाना है?" की काकांना काहीतरी पत्ता विचारावाच लागला.

काका हरणारे नव्हते. त्यांनी हातभर वायरचं एक यंत्र मागवलं. ते स्टेअरिंगखाली खुपसलं की गाडीचे आजार लॅपटॉपवर येतात. पहिल्या दिवशी सत्तावीस आजार आले. इंग्रजी वाचायला मला खाली बोलावलं, आणि मी पायरीवर बसून रिझल्ट वाचावा तशी यादी वाचून दाखवली. काका शंभर पानी वहीत तारीख घालून एकेक लिहून घेत होते.

शिकले ते सगळं मोबाइलवर. कुठल्याशा जर्मन म्हाताऱ्याचे व्हिडिओ ते लावायचे. काका त्याला मास्तर म्हणत. मास्तरांचं एक अक्षर काकांना कळत नसे. "तो काय बोलतंय त्याच्याशी मना काय करायचाय? हात काय करतंय त्ये बघायचा," असं त्यांचं तत्त्व. पण माणूस खरंच तयार झाला हो! इंजिन थडथडायला लागलं तेव्हा त्यांनी एका सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली. आजारही कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला. "चोर घावला," म्हणून काका अंगणात नाचले. एवढीशी कॉइल बदलली आणि इंजिन लोण्यासारखं चालायला लागलं. काचेची मोटर, थर्मोस्टॅट, ब्रेकचे पॅड, सगळं त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये घरच्या घरी केलं. सत्तावीसचे चार आजार राहिले. पण ते चार, म्हणजे वायपर, हॉर्न, सिग्नल आणि डिकी, आज पुसले की आठवड्याने पुन्हा हजर.

सगुणाकाकी, म्हणजे काकांची बायको, हिला ती शेड सुकट वाळवायला हवी होती. चार वर्षं तिचा जवळा गच्चीवर कावळ्यांच्या तावडीत होता. तेव्हा गाडीला पंधरा वर्षं भरली आणि कागद नवे करायची वेळ आली, तशी काकीने सगळ्यांसमोर निकाल दिला.

"आरटीओत पास झाली तं र्‍हवंदे. नाय झाली तं कुंदन दुपारीच टेम्पो आनेल, भंगारवाल्याकरं. देवाशपथ सांगा."

काकांनी देवाशपथ सांगितलं. तारीख मिळाली गुरुवारची. आणि साहेब तपासणार काय, तर वायपर, हॉर्न, सिग्नल!

काका जेवणावरून उठून शेडमध्ये जाऊन बसायचे. बॅटरी बदलून झाली, फ्यूज बदलून झाले, सगळ्या वायरी हाताखालून गेल्या. मलाच राग यायला लागला. कुणाचा, तर जर्मनीचा. एवढा मोठा देश, एक साधा हॉर्न जागेवर ठेवता येत नाही?

सोमवारी संध्याकाळी शिकवणी नव्हती म्हणून मी त्यांची वही चाळत बसले. मास्तरकी अंगात आहे, वही दिसली की तपासायला घेते. चार वर्षांच्या तारखा होत्या. वाचता वाचता मला दिसलं की आजार परत येतो तो बुधवारी. दहा वेळा बघितलं. बहुतेक बुधवारीच.

"काका, मंगळवारी काय करता गाडीला?"

"मी काय नाय करीत. मंगलवारी गाडी तुज्या काकीची."

आणि मी वही तशीच हातात धरून बसले, कारण दर मंगळवारी काकी काय करते ते मी चार वर्षं गॅलरीतून बघत आले होते.

काकीला गाडी नको होती हे खरं. पण दारात उभी असलेली वस्तू आजारी, म्हणजे तिला कुणाची तरी नजर लागलेली, हेही तिच्या लेखी तितकंच खरं. म्हणून दर मंगळवारी सकाळी ती बॉनेटवर तांब्याभर पाणी ओते, हळदकुंकू लावी, झेंडूच्या पाकळ्या उधळी, नारळ फोडून त्याचं पाणी काचेच्या बुडाशी शिंपडी, आणि वरून मूठभर भात. तांदूळ नव्हे, सालासकट भात, तिच्या उरणकडच्या माहेरच्या शेतातला. सोललेला दाणा पोटाला आणि सालीतला देवाला, असं तिला सासूने शिकवलं होतं. गाडी जास्त बिघडली की पूजा वाढायची. गेल्या महिन्यात तर ती तीन मुठी टाकत होती.

मी काकांना हे सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मास्तरनं दाकवला होता गो! काचेच्या खाली पन्हाल असतंय, तिच्यातशी पाला काढीत व्हता. मी म्हनला, त्यांच्याकडं झाडा हायेत, पाला परतंय. आपल्या गल्लीत झाड कुठं हाय? म्हनून त्यो व्हिडिओ मी फुडं ढकलला."

मंगळवारी सकाळी काकी ताट घेऊन यायच्या आत आम्ही बॉनेट उघडलं. काचेच्या बुडाशी प्लॅस्टिकची जाळी असते, तिचे स्क्रू काकांनी सोडवले. खाली लांबच लांब पन्हाळ, आणि पाणी जायला दोन्ही टोकांना एकेक भोक. जाळी उचलली आणि काका "आई गं" म्हणून मागेच सरकले.

आत शेत होतं. शप्पथ, शेत! कुजलेल्या झेंडूचा काळा चिखल, त्यावर बोटभर पाणी, आणि त्यात इकडून तिकडे भाताची पोपटी रोपं, वीतभर उंच, अगदी दाटीने उभी. दोन्ही भोकं भाताने बुजलेली. आणि त्या पाण्यात अर्धा बुडालेला काळा डबा, ज्यातून वायपर, हॉर्न, सिग्नल आणि डिकी यांना हुकूम सुटतात. बिचारा डबा चार वर्षं गुडघाभर चिखलात उभा राहून हुकूम देत होता, मग चुकणार नाही तर काय?

मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग मी शेडच्या खांबाला धरून खाली बसले. काका हसू की रडू अशा चेहऱ्याने उभे. तेवढ्यात ताट घेऊन काकी आली. आता ही काय बोलेल या भीतीने मी तोंडात पदर कोंबला. चूक तिची आहे हे तिला सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणात नव्हती.

काकीने ताट खाली ठेवलं, वाकून बघितलं, एक रोप दोन बोटांत धरून पाहिलं.

"आवन बरा झालाय," ती रोपांकडे बघत म्हणाली. "लावनीला आला."

मग तिला कळलं. चेहरा उतरला तिचा. "म्हंजे ह्या माज्यामुलं?" तिने विचारलं, आणि ती इतक्या बारीक आवाजात बोलू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

काका लगेच म्हणाले, "तुज्यामुलं कनाला? माज्यामुलं. मी मास्तरचा आयकला नाय." आणि त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला.

मग जी धावपळ झाली! बॅटरीची वायर सोडली, डबा बाहेर काढला, उघडला. आतल्या पितळी टोकांवर हिरवा गंज चढला होता. काका जुन्या दातांच्या ब्रशने आणि स्प्रेने एकेक टोक घासायला बसले. काकीला आता काहीतरी करून पापक्षालन करायचंच होतं. ती म्हणाली, "मोबाइल भिजला का तांदलात ठेवतान ना? डबा तांदलाच्या पिंपात टाकू?"

"परत तांदूल नको!" काका इतक्या जोरात ओरडले की समोरच्या टॉवरमधून दोन डोकी बाहेर आली.

शेवटी माझा केस वाळवायचा ड्रायर आणला. दुपारभर आम्ही पाळीपाळीने डब्याला शेक दिला, बाळंतिणीच्या बाळाला देतात तसा. काकीने पन्हाळ स्वतः साफ केली, दोन्ही भोकांतून तार घातली, आणि रोपं मुळासकट काढून एका बादलीत लावली. टाकून द्यायला ती तयार नव्हती. बुधवारी डबा बसवला. यंत्र लावलं, मी लॅपटॉपकडे बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"वाच ना गो बाय, किती हायेत?"

"शून्य, काका. एकही नाही."

त्यांनी मला तीन वेळा वाचायला लावलं.

गुरुवारी मी शिकवणीला सुट्टी दिली. सात मुलांनी आनंदाने उड्या मारल्या, माझ्यावर इतकं प्रेम त्यांनी कधी केलं नव्हतं. काकी नवं लुगडं नेसून मागे बसली, मी तिच्या शेजारी. काकांनी दाढी दोनदा केली होती. कुंदन आपल्या पांढऱ्या गाडीतून मागून येत होता, आणि त्याने टेम्पोवाल्याला फोन करून ठेवलाय हे तो प्रत्येक सिग्नलला काच खाली करून आम्हाला सांगत होता.

रांगेत तासभर गेला. इन्स्पेक्टर तरुण होता, कंटाळलेला, कपाळावर घाम. त्याने चासी नंबर बघितला, टायर बघितले. मग समोर उभा राहिला.

"डावा सिग्नल."

काकांचा हात दांडीवर गेला आणि थांबला. काकीने माझं मनगट धरलं, तिच्या बांगड्या अजून माझ्या हाताला टोचतायत. काकांनी दांडी खाली केली. टिक टिक टिक. डावा सिग्नल. नुसता डावा सिग्नल! वायपर जागचे हलले नाहीत.

"उजवा. वायपर. वायपर बंद. हॉर्न."

हॉर्न वाजला. इतका भरदार, इतका खानदानी की पुढच्या टेम्पोवाल्याने दचकून गाडी बाजूला घेतली.

इन्स्पेक्टरला आता जरा रस आला. "जुनी आहे, पण मस्त ठेवलीय. कुठल्या वर्कशॉपला असते?"

"घरी," काका म्हणाले.

"घरी कोण येतं करायला?"

"मीच करतंव."

त्याने काकांकडे एकदा नीट बघितलं. ग्रीसने काळी पडलेली नखं बघितली असावीत. मग कागदावर सही करून म्हणाला, "पास. पाच वर्षं."

काकांनी कागद घेतला, गाडी हळूच फाटकाबाहेर आणली, कडेला लावली, आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागले. बासष्ट वर्षांचा माणूस हुंदके देतोय! कुंदन धावत आला, त्याला वाटलं नापास झाली, आणि "जाऊ दे काका, जाऊ दे" म्हणत त्यांची पाठ थोपटायला लागला. काकांनी मान हलवून कागद त्याच्या हातात दिला.

"मी आठवी नापास," ते म्हणाले. "दोन वेला बसलो, दोनी वेला नापास. कंपनीत परमनंटची परीक्षा दिली, नापास. बासष्ट वरसांत माज्या हातशी पयल्यांदा काय तरी पास झाला."

काकीने मागून हात लांब करून पदराने त्यांचं तोंड पुसलं, मग नाकही पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं जोर लावून.

"झाला आता. पाच वरसांनी परत परीक्षा हाय," ती म्हणाली. "तवर तुमीपन चालू र्‍हवा म्हंजे झाला."