मावशीच्या घट्ट गाठी

सावल्यांची फिल्म करायची हे मी पुण्याला कॉलेजात असताना ठरवलं. शंभर वर्षांपूर्वी परदेशातल्या एका बाईने काळ्या कागदाच्या आकृत्या कापून, त्यांचे सांधे जोडून, खालून उजेड दिलेल्या काचेवर ठेवून अख्खा चित्रपट केला होता. आकृती केसभर सरकवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. आमच्या पुस्तकात तिच्यावर अर्धंच पान होतं. त्यात लिहिलं होतं की कापताना ती कात्री स्थिर धरायची आणि कागद फिरवायची. ते वाचून मला राजुरीची मावशी आठवली. ब्लाऊजच्या गळ्याची पट्टी ती तशीच कापायची. कात्री जागेवर, कापड हातात फिरतंय.

मावशी गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. साखरेने तिचे डोळे चालले होते. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ते टिकवू, पण किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. रंग तिला ओळखू येईनासे झाले होते. उजेडासमोरची काळी आकृती मात्र अजून दिसायची. म्हणून मला घाई होती. तिला दिसतंय तोवर तिच्यावरची फिल्म करून तिला दाखवायची होती. ही घाई कशाची ते मी तिला सांगितलं नाही. मी एरवीच कमी बोलते, त्यात मनातलं तर नाहीच.

मी मोबाईलवर तिला त्या परदेशी बाईच्या फिल्मचा तुकडा दाखवला. तिने फोन पार नाकाजवळ नेला.

"हिला तोंड न्हाई, तरी रुसलीय ते कळतंय," ती म्हणाली. "कापणारी बाई हाय का अजून?"

"नाही."

"पोरंबाळं?"

"माहीत नाही."

"इंग्रजी शाळंत कामाचं कायबी इचारायला शिकवीत न्हाईत."

मी तिच्या हातात काळा कागद दिला आणि माझ्या फिल्मसाठी तशीच आकृती कापून मागितली. ब्लाऊज न्यायला आलेली शेजारीण दारातूनच म्हणाली, "मावशी, आता कागदाची चोळी शिवताय व्हय?"

"तुझ्या मापाला कापड पुरंना, मग काय करू," मावशी म्हणाली. शेजारीण हसत आत येऊन बसली.

दोन दुपारींत मावशीने मला मशीनवर बसलेली बाई कापून दिली. डोकं, धड, हातांचे आणि पायांचे तुकडे, सगळं चाचपून. सांधेही तिनेच सुईदोऱ्याने जोडले. मंचरला घरी येऊन मी ती आकृती काचेवर ठेवली तर हात वळेना. प्रत्येक सांध्याला तिने दुहेरी गाठ मारून आवळली होती. शिवलेलं उसवलं की बाई परत दारात येते, असं ती म्हणायची. आयुष्यभर तेच जपलेल्या हाताला सैल गाठ मारायचं सुचलंच नव्हतं. मी जरा जोर लावला आणि खांद्यापाशी कागद फाटला.

फोन करून "गाठी सैल हव्यात" एवढंच सांगायचं होतं. तिला वाईट वाटेल म्हणून मी सांगितलं नाही. मुकाट्याने स्वतःच कापायला बसले. माझी कात्री वळणावर अडखळायची. एक हात मनासारखा यायलाच कितीतरी दिवस गेले. दर रविवारी मावशी फोनवर विचारायची, "झाला का तुझा शिनिमा?"

"अजून नाही. नीट झाल्यावर दाखवते."

अर्धवट झालेलं दाखवायची मला लाज वाटायची. त्यात पाच महिने गेले.

दिवाळीनंतर मी लॅपटॉप घेऊन राजुरीला गेले, तेव्हा ती भिंतीला हात लावत दारापर्यंत आली.

"मावशी, सांगितलं का नाहीस?"

"तू कामात व्हतीस."

तरीही मी लॅपटॉप उघडून तिच्या तोंडासमोर धरला. तिने डोळे बारीक केले, मोठे केले. "सगळं धुरावानी दिसतंय," ती म्हणाली. "बाहुली आणलीय का? दे हातात."

मी आकृती तिच्या तळहातावर ठेवली. तिने कडेवरून अंगठा फिरवला, आकृतीचा हात वर-खाली करून पाहिला.

"ही मी न्हाई कापली. माझी कुठं गेली?"

मग मी सगळं सांगितलं. गाठींचं, फाटलेल्या खांद्याचं. ऐकताना तिचा अंगठा आकृतीच्या कडेवरून फिरत होता.

"मंग सांगायचं व्हतंस," ती म्हणाली. "दुपारभरात सैल करून दिल्या असत्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

"लाव ते," थोड्या वेळाने ती म्हणाली. "आन् काय चाललंय ते सांगत जा."

फिल्म दोन मिनिटांची आहे. मी सांगू लागले. बाई बसलीय. दोरा ओवतेय. आता चाक फिरतंय.

"सावकाश सांग. मान कशी ठेवलीय तिनं?"

"डावीकडे कललेली. तू शिवताना ठेवायचीस तशी."

मावशीने आपली तशीच कललेली मान सरळ केली.

"बरं. फुडं?"