मुका पिक्चर आणि मलकापूरचं पावणं

घरात कुठलंही यंत्र आलं की त्याच्यापुढं नारळ फोडायचा, हा आमच्या घरातला कायदा आहे. शिलाई मशीन आलं, नारळ फोडला. मिक्सर आला, नारळ फोडला. (त्याच नारळाची चटणी त्याच मिक्सरमध्ये वाटली. स्वतःच्या पूजेचा प्रसाद मिळालेला जगातला तो एकमेव मिक्सर!) छताला पंखा लावला तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, त्याला झेंडूचा हार घातला, हात जोडले आणि बटण दाबलं. हार खिडकीतून उडाला तो थेट शेजारच्या बाबालालचाचांच्या गळ्यात. "सत्कार कशाबद्दल?" म्हणून विचारायला ते घरी आले आणि चहा घेऊन गेले.

ह्याच बाबालालचाचांनी पुढं रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ घेऊन तो भाड्यानं द्यायला सुरुवात केली. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तेव्हा हे नवंच होतं. हातगाड्यावर यंत्र घालून चाचा घरोघरी जायचे आणि यंत्राबरोबर स्वतःही बसून राहायचे. "लेकरू हाय माझं. परक्याच्या घरात एकटं न्हाय सोडायचं," असं म्हणायचे.

व्हिडिओ आणायची बुद्धी मला झाली ती आमच्या शैलामुळं. शैला माझी धाकटी बहीण, शाळेत मास्तरीण. दोन स्थळं आली आणि गेली, कारण पोहे ठेवता ठेवताच ती विचारायची, "लग्नानंतर माझी नोकरी चालंल न्हवं?" की पावणं अर्धा चहा टाकून चपला शोधायला लागायचे. तिसरं स्थळ मलकापूरचं. मुलगा कोल्हापुरातच नोकरीला, शांत, सरळ. आणि शैलानं त्याचा फोटो बघून नाक मुरडलं नव्हतं. (आमच्यात ह्याला 'प्रेमात पडली' म्हणतात!) पण मुलाचे वडील तात्या म्हणजे मोठं प्रकरण. भलीमोठी मिशी, दावणीला आठ म्हशी, आणि त्यांना हसताना म्हणे मलकापुरात कुणीच बघितलं नव्हतं.

आबांनी शैलाला बजावलं, "ह्या खेपेला नोकरीचं नाव जरी काढलंस तर बघ!" शैलाचे डोळे भरले ते मला दिसलं. मी ठरवलं, म्हाताऱ्याला आधी हसवायचं. हसलेला माणूस नाही म्हणत नाही!

"चाचा, घरात बसून सगळ्यांनी बघावा असा पिक्चर पायजे. नवा, घरगुती, आणि हसून मुरकुंडी वळली पायजे."

"हाय की! परवाच आलाय. माणसं लोळत हुती निस्ती."

"गोष्ट काय हाय त्याची?"

"ते ठावं न्हाय बघ. मशीन सुरू झालं की माझा डोळा लागतो."

रविवारी दुपारी यंत्र घरात आलं. चाचा तारा जोडतायत तोवर आमची आत्ती, आबांची बहीण, पेढा घेऊन व्हिडिओपाशी गेली आणि कॅसेटच्या फटीत तो सारायला लागली.

"आत्ती! काय करतीयास?"

"नवीन पावणं घरात आलंय. त्येचं तोंड गोड नको करायला?"

मी तिचा हात धरला. मी शास्त्राचा पदवीधर! विद्युतप्रवाह म्हणजे काय, अडाणीपणा म्हणजे काय, ह्यावर मी तिला चांगलं व्याख्यान झोडलं. आणि मग "चला, आता रीतसर पूजा करूया" म्हणून टीव्हीच्या पुढ्यात बसून मीच नारळ फोडला.

नारळ चांगला पाणीदार निघाला. सगळी पिचकारी टीव्हीच्या बाजूच्या बारीक भोकांत गेली. चाचांनी घाबऱ्याघुबऱ्या बटण फिरवलं. चित्र झकास! आवाज मात्र 'खर्रर्र' झाला आणि मग काहीच नाही.

"ह्येची वाचा गेली," चाचा रडवेल्या आवाजात म्हणाले.

"उन्हात ठेवा," आत्ती म्हणाली. "आणि पेढा दिला असता तर असं झालं नसतं!"

तेवढ्यात दारात आवाज आला, "हाय का कोण घरात?" तात्या, त्यांच्या मंडळी आणि नवरदेव! आता यंत्र उचलून नेणं शक्य नव्हतं, कारण त्यांना आणायला गेलेल्या आबांनी रस्त्यातच सांगून टाकलं होतं, "आमच्या बाळूनं तुमच्यासाठी खास पिक्चर मागवलाय!"

पोहे आले. कॅसेट लागली. चाचांचा डोळा लागला. नावं मुकाट्यानं वर सरकली.

"आवाज?" तात्यांनी विचारलं.

"येतोय की. नावांना कशाला आवाज?" आबा म्हणाले.

नावं संपली. पडद्यावर एक मिशीवाला माणूस आणि लाटणं घेतलेली बाई कडाकडा भांडायला लागली. घरात मात्र पोहे चावल्याचा आवाज. तात्यांच्या कपाळावर आठी चढली.

"पावणं, पिक्चर मुका हाय व्हय?"

"व्हय!" मी ओरडलो. "नवीन पद्धत हाय ती. मुंबईत असंच बघत्यात. आपण... आपणच आवाज द्यायचा असतोय!"

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं निघालं, देव जाणे. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मला त्याच क्षणी घर सोडून जावंसं वाटलं. पण तात्या मान हलवून म्हणाले, "असंल. मुंबईची माणसं काय बी करत्यात. मग द्या की आवाज!"

आत्तीला आयुष्यात कुणी बोल म्हणायची गरज पडली नव्हती. तिनं लाटणंवालीचा ताबा घेतला. "काय वो, सकाळधरनं कुठं उलथला हुतासा?" आबांना मिशीवाल्याचा आवाज द्यावा लागला. ते बिचारे म्हणाले, "अगं, जरा बाहेर गेलतो..."

"छ्या! ही मिशी, आणि असं मऊ बोलतंय?" तात्या पुढं सरकले. "सरा बाजूला, मी बोलतो. ए भवाने! भाकरी टाक आधी!"

खिडकीची तावदानं हादरली. आत्तीनं उलट दुप्पट आवाज लावला. नवरदेवाला नायकाचं काम मिळालं, पण तो बोलेचना. एवढ्यात पडद्यावर एक म्हैस आली. सगळ्यांची कामं वाटून झाली होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी शास्त्राचा पदवीधर रेकलो.

"ही म्हस?" तात्या कळवळले. "ही तर शेरडी! पावणं, बेंबीच्या देठापासनं काढा!"

मी काढला.

"हां, आता जरा पारडू हरवल्यागत!"

मी तसाही काढला. दारात गल्लीतली माणसं गोळा झाली.

इतक्यात शैला चहा घेऊन आली. पडद्यावर नेमकी नायिका त्या मिशीवाल्यापुढं हात जोडून उभी. तिला आवाज द्यायला कुणीच नव्हतं. शैलानं ट्रे खाली ठेवला, पडद्याकडं बघितलं आणि नायिकेचं काम घेतलं.

"मामंजी, एक विचारायचं हुतं. लग्नानंतर मी शाळंची नोकरी सोडणार न्हाय. चालंल का?"

आबांना ठसका लागला. पडद्यावरच्या मिशीवाल्यानं जोरात मान हलवली, नाही नाही म्हणून, आणि वर तांब्या फेकून मारला! विषय बदलावा म्हणून मी जिवाच्या आकांतानं रेकलो.

"गप बस, म्हस!" तात्या गरजले. मग ते शैलाकडं वळले. "त्यो मिशीवाला काय बी मान हलवू दे. येडं हाय ते. माझ्या मिशीचं उत्तर निराळं हाय. नोकरी सोडायची न्हाय, पोरी. आमच्यात एक तरी बोलणारं माणूस पायजे. ह्ये आमचं पोरगं बघ, तोंडच उघडत न्हाय!"

त्याच क्षणी पडद्यावरचा नायक विहिरीत पडला. आणि नवरदेवानं दुपारपासून पहिल्यांदा तोंड उघडलं. "आवो, मला कुणीतरी वर काढा की!"

तात्या हसले. आधी मिशी हलली, मग पोट, मग खुर्ची. त्यांच्या मंडळी पदरात तोंड घालून म्हणाल्या, "अगं बया, ह्यांना दात हायत की!" शैला हसत होती, आबा डोळे पुसत होते, आणि त्या गोंधळात टीव्हीतलं पाणी वाळलं असावं, कारण एकदम खणखणीत आवाज सुरू झाला.

"बंद करा त्यो आवाज!" सगळे एका सुरात ओरडले. "कायतरीच बोलत्यात!"

चाचा दचकून जागे झाले. "संपला व्हय?"

शैलाचं लग्न झालं आणि नोकरीही टिकली. मांडवात तात्यांनी प्रत्येक पाहुण्याला माझी ओळख करून दिली, "ह्ये सूनबाईचं थोरलं भाऊ. म्हशीचं काम ह्यांनीच केलंतं." आता मलकापुरात पिक्चर आणला की निरोप येतो, म्हस लावून द्या. मी मुकाट्यानं एसटी धरतो. गेल्या खेपेला मी असा काही रेकलो की मागच्या गोठ्यातनं उत्तर आलं. तात्यांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आत्ता तुझं शिक्षण पुरं झालं बघ!"