दानम्माची पूजा चालू होती

किल्लारीच्या बाजारात दानम्माचं किराणा दुकान होतं. भूकंपात नवरा गेला, घर गेलं. ती अन् तिचा मृत्युंजय तेवढे राह्यले. तिनं पत्र्याखाली परत दुकान मांडलं, पोराला इंजिनेर केलं. मी शेजारचा, भागवत. नववीतून शाळा सोडली तवा बापानं घराबाहेर काढलं, हिनं ताट वाढलं. म्हणली, "भाग्या, शाळा सोडली तर सोडली, जेवण कामून सोडतूस?" आता मी किल्लारी-लातूर जीप चालवतो. तिला अव्वा, म्हंजे आई, म्हणतो.

तिच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. लिंगायत माणसाच्या अंगावर ते मरेपर्यंत असतं. सकाळी अंघोळ करून लिंग तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मगच घास अन् पाणी.

गुडघे गेले तसं मृत्युंजयनं तिला लातूरच्या वृद्धाश्रमात ठेवलं अन् पुण्याला गेला. आश्रमाचा सरकारी परवाना भिंतीला फ्रेम करून लावलाय. मॅनेजर निवृत्ती सरांनी पहिल्याच दिवशी, चांदी अंगावर नको म्हणून, डबी काढून कपाटात ठेवली. रोज आठला पूजेपुरती द्यायचे. सर सुट्टीवर गेले की कपाट बंद, अव्वा उपाशी. दिवाळीत दोन दिवस पाणी न्हाई घेतलं, चक्कर येऊन पडली.

मी लई भांडलो. "चांदी ठेवा तुमच्याकडं. लिंग कापडात बांधून द्या."

"गळ्यात दोरी नको. झोपेत फास बसला तर?"

"साठ वर्षं न्हाई बसला."

"तू कोण तिचा?"

मी जीपकडं माघारी वळायचो.

मृत्युंजयला फोन लावला. "नियम आहे रे त्यांचा. वाद घालून तिला काढलं तर ठेवू कुठं?" म्हणला अन् कट केला.

मग मीच लातूरच्या समाजकल्याण ऑफिसात तक्रार दिली. तीन महिन्यांनी चौकशीचं पत्र आलं, मंगळवारी अकरा वाजता. मी फेरी बुडवून सकाळीच गेलो.

"साहेबाला समदं सांग अव्वा. भिऊ नको."

"सांगते की. तू जीप बंद ठिवून आलास? गिऱ्हाईक शिव्या घालतील."

त्या दिवशी आठला कपाट उघडलंच न्हाई. सर म्हणले चावी सापडंना. अव्वा अंघोळ करून तशीच बसलेली. पावणेअकराला चावी सापडली. डबी हातात पडली तशी ती पूजेला बसली. मला तवाच कळायला पायजे होतं. न्हाई कळलं.

साहेब आले. चांगला माणूस वाटला, चप्पल बाहेर काढून आत आला.

"आजी, काही त्रास आहे का इथं?"

अव्वाची नजर तळहातावर. पूजेत ती बोलत न्हाई. दुकानात होती तवा एकानं तिच्यासमोरून गुळाची ढेप उचलून नेली, तरी बोलली नव्हती.

"बघा साहेब," निवृत्ती सर हळू आवाजात म्हणले, "पूजा चालू हाय. कोण अडवतंय?"

"साहेब, दहा-वीस मिनिटं थांबा," मी म्हणलं. "ती सांगंल."

"उदगीरला अजून दोन ठिकाणी जायचंय. तुम्ही नातेवाईक का?"

"न्हाई."

तिच्या खांद्याला हात लावायचा राह्यला होता. तेवढं केलं असतं तर ती बोलली असती का, कुणास ठाऊक. पण पूजा मोडली असती, अन् मोडणारा मी. माझा हात उचलंना.

साहेबानं दारातच लिहिलं, मला वाचून दाखवलं. रहिवासी पूजा करताना आढळल्या. अडथळा दिसून आला नाही. सही करून गाडीत बसला.

थोड्या वेळानं अव्वानं मान वर केली. "आले का रे साहेब?"

"येऊन गेले."

ती म्हणली, "हाक मारली न्हाईस, बरं केलंस."

निवृत्ती सर दारात उभे होते, हात पुढं करून. मी मधी सरकलो. तिनं मला बाजूला केलं. लिंग डबीत ठेवलं, डोळ्याला लावलं अन् सरांच्या हातावर ठेवलं.

"सर, उद्या सुट्टी न्हाई ना तुमची?"

"उद्या न्हाई," सर म्हणले. "परवा हाय."