फळ्यावर लिहिलेले तीन आकडे

मैत्रिणींनो, आज इथे जर्मनीत, बोब्लिंगेनच्या शाळेत मी एक चूक करून आले.

तिसरीच्या मुलांना सिंती आणि रोमा लोकांची ओळख करून द्यायची होती. त्यांची भाषा मूळची भारतातली, म्हणून वर्गाच्या बाईंनी मला बोलावलं. मी हौसेने फळ्यावर लिहिलं, 'येक, दुय, त्रिन'. म्हटलं, "बघा, अगदी आमच्या मराठीसारखं!"

मागच्या बाकावरची लेआ नकळत पुढचे आकडे बोलून गेली, "श्टार, पांच."

सगळे वळले. ती सिंती आहे हे वर्गात कोणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या मुलीने मुकाट्याने दप्तर उचलून मांडीवर घेतलं.

नंतर बाई हळूच म्हणाल्या, "ही भाषा ते घराबाहेर बोलत नाहीत. नाझी काळात संशोधक गोड बोलून ती शिकले. मग त्या संशोधकांनी केलेल्या याद्यांवरूनच यांची माणसं छळछावण्यांत गेली." हे मी आधी वाचायला नको होतं का?

शाळा सुटल्यावर लेआने माझी बाही ओढली. "मी बोलले ते आजीला सांगू नका हं."

दप्तर मांडीवर घेणारी मुलगी आपल्याच मराठी ग्रुपमधल्या घरातली आहे. मी तिला विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "ते लोक दिसले की आई पर्स अशीच धरते."

नाव सांगत नाही. पण आपल्यातली कोण नाही धरत?