दक्षिण समुद्रातलं ‘खलास’

आखातात झल्लाकच्या किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीतून फिरवणारा मी माणूस. पण त्याआधी बारा वर्षं लोकांच्या शिडाच्या बोटी देशोदेशी पोचवल्या होत्या. हे एका फिल्मवाल्यांच्या टोळीला कळलं आणि त्यांनी मला पार दक्षिणेला, बर्फाच्या समुद्रात बोट न्यायला बोलावलं. इंजिनावर माझा मेव्हणाच. निघताना बायकोनं बुसैतीनच्या घराच्या दारात एवढंच सांगितलं, “माझ्या भावाला परत आणा.”

मेव्हणा चाळिशीचा, गुहागरचा. बोटीवर आमचं बोलणं म्हणजे दोन अरबी शब्द. ‘यल्ला’ म्हटलं की इंजिन चालू, ‘खलास’ म्हटलं की बंद. झल्लाकला धक्क्याला लागताना रोज तेच.

सहाव्या दिवशी दुपारी वारा फिरला. शिडं उतरवली आणि इंजिनावर बोटीचं तोंड लाटांकडे धरून चाललो. आयुष्य समुद्रावर गेलं माझं, पण समुद्र म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. लाट यायची ती डोंगर सरकावा तशी, सावकाश. शेंड्याला आरपार हिरवा उजेड. एक भलामोठा पांढरा पक्षी पंखही न हलवता तिच्या उतारावरून खाली आला. चारही फिल्मवाले कठड्याला धरून बघत होते. हात जोडावेत की सुकाणू धरावं, मला कळेना.

मग त्याहून मोठी आली. माझ्या तोंडून आपलं मराठीतलं निघालं, “खलास.”

आणि शेजारी उभ्या मेव्हण्यानं इंजिन बंद केलं.

बोट वळायला लागली. लाटेला आडवी सापडली असती तर कारभार आटोपलाच होता. मी ‘यल्ला, यल्ला’ करत घसा फोडला. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. लाटेनं आम्हाला उचललं आणि अलगद पलीकडे ठेवलं. मग माझं तोंड सुटलं. मेव्हण्याच्या बेचाळीस पिढ्या उद्धरल्या, गाढव म्हटलं, तेही सगळ्यांदेखत. तो परतीच्या वाटेवर माझ्याशी कामापुरतंच बोलला.

गेल्या महिन्यात ती फिल्म आली. मेव्हण्याला बोलावून घरीच बघितली. ती लाट आली. कॅमेरावाल्यानं तेवढ्यातही कॅमेरा सोडला नव्हता. नुसता वारा आणि पाण्याचा आवाज. आमची मुलगी इंग्रजीत म्हणाली, किती शांत आहे हे. बायको मात्र बोटवाल्याची बायको.

“इंजिन का बंद आहे?” तिनं विचारलं.

“माझी चूक झाली, ताई,” मेव्हणा खाली बघत म्हणाला.

“त्याची नाही,” मी म्हटलं. “मी घाबरून खलास म्हणालो. त्यानं ऐकलं.”

बायकोनं दोघांकडे बघितलं. “मग तुम्ही त्याला काय म्हणालात?”

पडद्यावर ती लाट अजून येतच होती. मी मेव्हण्याकडे वळलो आणि सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली.